आई, रात्रपाळीवाला आणि सकाळी अकराचा फोन

पाऊलखूण
नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझ्या आईला (वय ७१) आठ महिन्यांपूर्वी सीआरटी-डी बसवलं. हृदयाचा पंप कमजोर झालाय, त्यामुळे दोन्ही बाजूंना एका तालात चालवणारं आणि ठोके बेफाम झाले तर शॉक देणारं असं ते मशीन. घरी सोडताना सोबत एक पांढरा डबा दिला. "पलंगाजवळ ठेवा, प्लग काढू नका, बाकी तो बघून घेईल," असं सांगितलं. रात्री आई झोपली की तो तिच्या छातीतल्या मशीनशी बोलतो आणि माहिती दवाखान्याला पाठवतो. आईने त्याचं नाव ठेवलं रात्रपाळीवाला. झोपताना त्याच्याकडे बघून "चला, तुमची ड्युटी सुरू" असंही म्हणायची. आम्ही हसायचो.

गेल्या महिन्यात एका रात्री पावणेतीनच्या सुमारास तिला जाग आली. छातीत फडफड, डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार. मिनिटभरात थांबलं. तिने मला उठवलं नाही. फोन उशाशी घेऊन बसून राहिली, कारण "डब्याला कळलंच असेल, आता डॉक्टरांचा फोन येईल." चार वाजले, पाच वाजले, उजाडलं. फोन आला तो सकाळी अकराला. "काकू, काल रात्री काही जाणवलं का? २:४१ ला एक एपिसोड दिसतोय, मशीनने तो मोडून काढलाय. आज येऊन जा."

म्हणजे मशीनला कळलं, डब्याला कळलं, सर्व्हरला कळलं. माणसाला कळायला सव्वाआठ तास. मी तिथे जाऊन भांडले. ते म्हणाले, आम्ही नियमाप्रमाणेच केलं. दवाखान्याचं नाव घेत नाही, तो मुद्दा नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय, डबा बघतो हे कळलं, पण डब्याकडे कोण बघतं? आणि कधी?

खटपट्या
वाचतोय. आमच्याकडचा डबा कपाटावर चढून बसलाय, त्याच्याकडे कुणीच बघत नाही.

तारायंत्र
मी डिव्हाइस क्लिनिकमध्ये काम करते, अकरा वर्षं झाली. म्हणजे तो सकाळचा फोन करणारी बाई मीच, असं समजा. (तुमच्या दवाखान्यातली नव्हे.)

आधी आईंबद्दल. त्या रात्री त्यांच्या खालच्या कप्प्यातून ठोक्यांची घोडदौड सुरू झाली असणार, व्हीटी म्हणतो आम्ही. मशीनने ती ओळखली आणि तिच्याहून किंचित जास्त वेगाने आठ-दहा ठोके स्वतः दिले. त्याने फिरत राहिलेलं विजेचं वर्तुळ तुटतं आणि मूळ ताल परत येतो. याला एटीपी म्हणतात. दुखत नाही, बऱ्याचदा पेशंटला पत्ताही लागत नाही. ते जमलं नसतं तर शॉक बसला असता. सांगायचं हे की उपचार २:४१ लाच झाला, त्यांच्या छातीत. रात्रपाळीवाला तिथे आहे. पलंगाजवळचा डबा हा पोस्टमन. तो पत्र नेऊन टाकतो, पत्र वाचायला माणूस लागतो आणि तो सकाळी येतो.

आता आमची सकाळ कशी असते ते सांगते. कॉम्प्युटर उघडला की कंपन्यांच्या वेगवेगळ्या वेबसाइटी. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं, रंग वेगळे, एकीकडे लाल म्हणजे तातडीचं तर दुसरीकडे पिवळ्याचेही तीन प्रकार. सोमवारी यादी सर्वात लांब, कारण शनिवार-रविवारचं साचलेलं असतं. त्यातलं बरंचसं "डबा जोडलेला नाही" किंवा ज्यांना एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं) आहे हे आम्हाला तीन वर्षांपासून माहीत आहे, त्यांचंच "एट्रियल फिब्रिलेशन आढळलं." या गवतातून सुई काढायची. २०२३ साली हृदयताल तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात १००० रिमोट पेशंटमागे पूर्णवेळ ३ माणसं असावीत असं म्हटलंय. कागदावर.

तुमच्या दवाखान्याने नियम पाळला हे बरोबर असेल. चूक झाली ती आठ महिने आधी, "बाकी तो बघून घेईल" म्हणाले तेव्हा. ही इमर्जन्सी सेवा नाही हे वाक्य डबा हातात देतानाच सांगायचं असतं. आमच्याकडे पेशंटची त्यावर सही घेतात, पण सही घेणं आणि समजावून सांगणं यात फरक आहे हे मीही मान्य करते.

पाऊलखूण
तारायंत्र, मनापासून धन्यवाद. सही आमचीही घेतली होती, आता फाइल उघडून पाहिली. चौथं पान, बारीक अक्षर.

मग रात्री त्रास झाला तर नेमकं काय करायचं?

तारायंत्र
डबा नाही असं समजून वागायचं. चक्कर येऊन शुद्ध गेली, छातीत दुखतंय, दम लागतोय, तर सरळ हॉस्पिटल. शॉक एकच बसला आणि त्यानंतर अगदी बरं वाटतंय, तर त्याच दिवशी क्लिनिकला फोन. चोवीस तासांत दोन किंवा जास्त शॉक, किंवा एकच पण नंतर बरं वाटत नाहीये, तर लगेच निघायचं, कुणाच्या फोनची वाट बघायची नाही. आईंना अंधारी आली होती ना? त्या रात्री त्यांनी तुम्हाला उठवायलाच हवं होतं.

जुनाखोड
माझा पहिला पेसमेकर १९९४ चा, आताचा तिसरा. तेव्हा दर सहा महिन्यांनी जायचो, छातीवर माउससारखं काहीतरी ठेवायचे, दहा मिनिटांत "बॅटरी छान आहे" सांगून घरी पाठवायचे. त्या दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस जायचा. माझ्या मागच्या मशीनची बॅटरी उतरत आली ते मात्र डब्यानेच कळवलं. बदलायची वेळ आल्याचा इशारा साधारण तीन महिने हाताशी ठेवून येतो, त्यामुळे सगळं निवांत झालं.

गंमत म्हणजे हे दुरून बघणं नवीन नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काही देशांत साध्या टेलिफोनवरून पेसमेकर तपासत. एका उपकरणावर रिसीव्हर ठेवायचा, ठोक्यांचे सूर तारेवरून जायचे, मग छातीवर लोहचुंबक ठेवायचा की पेसमेकर ठराविक वेगाने चालायला लागतो. तो वेग घसरला असेल तर बॅटरी संपत आलीय. किती साधी युक्ती! आणि शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ चा, स्टॉकहोमला, आर्ने लार्सन यांना. काही तासांत बंद पडला. पुढे त्यांनी २० हून अधिक पेसमेकर वापरले आणि २००१ पर्यंत जगले, ज्या सर्जनने तो बसवला आणि ज्या इंजिनिअरने बनवला त्या दोघांनाही मागे टाकून. मी तिसऱ्यावर आहे, बराच वाव आहे.

पण एक तक्रार आहे माझी. आता वर्षातून एकदाच बोलावतात. पूर्वी तिथली सिस्टर मी दारातून आत येतानाच म्हणायची, "आजोबा, पाय सुजलेत." डब्याला पाय दिसत नाहीत.

दवबिंदू
काका, पायाचा मुद्दा लाख मोलाचा. पण डब्याच्या बाजूने मी साक्ष देते.

माझ्या वडिलांना आयसीडी (छातीत बसवलेलं शॉक देणारं मशीन) आहे. दोन वर्षांपूर्वी असाच सकाळी फोन आला, "आत्ता निघा आणि हात वर करू नका." वडील कपडे वाळत घालत होते, ठणठणीत. तिथे गेल्यावर स्क्रीनवर आलेख दाखवला. लीडचा, म्हणजे मशीनपासून हृदयात गेलेल्या वायरीचा, रोध महिनोन्महिने ५०० ओहमच्या आसपास सरळ रेषेत, आणि शेवटच्या दोन रात्री एकदम २००० च्या पार. वायर आतून तुटत होती. तुटक्या वायरीतून जी खरखर येते तिला मशीन ठोके समजतं, वाटतं हृदय मिनिटाला ३०० नी धावतंय, आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला शॉक देत सुटतं. वडिलांच्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना असे सात बसले होते. छातीवर घोड्याने लाथ मारावी तसं, म्हणाले, आणि पुढची लाथ कधी येईल ते माहीत नसतं. वडिलांना एकही बसला नाही. शॉक तात्पुरते बंद करून मॉनिटरखाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी नवी लीड घातली.

पुढची तपासणी चार महिन्यांनी होती.

तारायंत्र
दवबिंदू, अशा एका फोनसाठी आम्ही शंभर "डबा जोडलेला नाही" सहन करतो.

जुनाखोड काका, पायांची सूज दिसत नसली तरी छातीतलं पाणी काही मशिनी ओळखतात. फुप्फुसात पाणी साचायला लागलं की विजेला जायला वाट सोपी होते, छातीचा रोध उतरतो. मशीन तो रोज मोजतं. खोटे इशारेही भरपूर येतात, साध्या छातीच्या इन्फेक्शननेसुद्धा. त्यामुळे इशारा आला की आम्ही फोन करून विचारतो, वजन वाढलंय का, उशा किती घेता, चपला घट्ट होतायत का. याच्या पुढची पायरी म्हणजे फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा दाब मोजणारा छोटा सेन्सर, त्यात बॅटरीच नसते. पेशंट खास उशीवर आडवा झाला की उशीतल्या लहरींवर तो चालतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५५० रुग्ण होते, सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं. पण तिथेही आकडा बघून कुणीतरी लघवीची गोळी वाढवली म्हणून. आकड्याने पाणी उतरत नाही.

तिरकीरेघ
आता थोडं पाणी मीही ओततो, उत्साहावर.

रिमोट मॉनिटरिंगने जीव वाचतात असं सरसकट सांगितलं जातं. २०१० ची ट्रस्ट चाचणी घ्या, १३३९ आयसीडी रुग्ण. दवाखान्यातल्या फेऱ्या ४५ टक्क्यांनी कमी, आणि गडबड झाल्यापासून डॉक्टरांच्या नजरेत येईपर्यंतचा काळ ३६ दिवसांवरून २ दिवसांच्या आत. उत्तम. हे मान्यच. २०१४ ची इन-टाइम, ६६४ रुग्ण, वर्षभरात रिमोट गटात १० मृत्यू तर दुसऱ्या गटात २७. पण मग २०१७ ला इंग्लंडमधली रेम-एचएफ आली, १६५० रुग्ण, जवळपास तीन वर्षं पाठपुरावा, आणि फरक शून्य. इन-टाइममध्ये माहिती रोज येत होती आणि ती बघायला वेगळं केंद्र बसवलं होतं. रेम-एचएफमध्ये आठवड्यातून एकदा. माझं मत असं की या चाचण्या डब्यांच्या नव्हत्याच. डब्यामागच्या माणसांच्या होत्या.

दुसरं, ही माहिती कुणाची? माझ्या छातीतून निघालेला आकडा कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून डॉक्टरला दिसतो, आणि मला डब्यावरचा हिरवा दिवा दिसतो. अमेरिकेत ह्यूगो कॅम्पोस नावाचे आयसीडी बसवलेले गृहस्थ आपल्याच यंत्राची माहिती आपल्याला थेट मिळावी म्हणून वर्षानुवर्षं भांडतायत. बूट विकत घेतला तर त्यात किती पावलं चाललो ते मोबाइलवर दिसतं, हृदयाचं मात्र विचारायचं नाही.

भिंगरी
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

भिंगरी
(आधीचा प्रतिसाद चुकून दुसऱ्या धाग्याचा इथे पडला, क्षमस्व.)

तिरकीरेघ, मला लूप रेकॉर्डर (कातडीखाली बसवलेलं, फक्त ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) आहे, त्याचं ॲप फोनवर आहे. सुरुवातीला मीही हटून सगळे रिपोर्ट मागून घेतले. दर वेळी "एक्स्ट्रा बीट" दिसला की रात्रभर नाडी धरून बसायचे. तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, तुम्हाला हृदयाचा आजार कमी आणि रिपोर्टचा जास्त आहे. आता मागत नाही. हक्क असावा, पण मागायचाच असं नाही.

बिटबाईट
सुरक्षेबद्दल कुणीच कसं बोललं नाही? छातीत रेडिओ आहे हो! २००८ साली अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत आयसीडीशी बाहेरून बोलून सेटिंग बदलून दाखवलं होतं. उपराष्ट्राध्यक्ष असताना डिक चेनी यांच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये त्यांच्या मशीनचं वायरलेसच बंद करून घेतलं होतं.

तारायंत्र
बिटबाईट, २००८ चा तो प्रयोग काही सेंटिमीटर अंतरावरून होता, तरी त्यामुळे कंपन्यांचे डोळे उघडले हे खरं. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी सुरक्षेचा सॉफ्टवेअर अपडेट काढावा लागला. तो घरबसल्या करता येत नव्हता. क्लिनिकमध्ये येऊन, छातीवर वाँड (काका म्हणाले ते माउससारखं) ठेवून, तीनेक मिनिटं, आणि तेवढा वेळ पेसमेकर ठराविक ६७ ठोक्यांवर. अनेक डॉक्टर आणि पेशंटनी विचार करून तो घेतलाच नाही, कारण अपडेट फसण्याची शक्यता अगदी कमी असली तरी हल्ला झाल्याचं उदाहरण एकही नव्हतं.

आणि हे लक्षात घ्या, डबा माहिती वाचतो. पेसमेकरचा वेग, शॉकची मर्यादा यांतलं काहीही तो बदलत नाही, त्यासाठी क्लिनिकमध्ये यावंच लागतं. पेशंट चिडतात, "तुम्हाला दिसतंय ना, मग तिथूनच दुरुस्त करा." ते न जमणं हीच एक सुरक्षा आहे.

बिटबाईट
हे पटलं. खरं सांगायचं तर मला हॅकरपेक्षा सेटिंगची भीती जास्त वाटते. नॉर्वेतल्या मारी मू स्वतः संगणक सुरक्षा संशोधक, स्वतःला पेसमेकर. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भुयारी स्टेशनचे जिने चढताना त्यांचे ठोके वरच्या मर्यादेला टेकले आणि पेसमेकरने १६० वरून धाडकन ८० वर आणले. जिन्यातच दम संपला. यंत्र शाबूत, बॅटरी शाबूत, लीड शाबूत. असल्या गोष्टीचा लाल दिवा कुठे लागणार?

तारायंत्र
नाही लागत. म्हणून वर्षातून एकदा का होईना, समोर बसवून "जिना चढताना काय होतं?" हे विचारावं लागतं. काकांच्या सिस्टरचंच काम ते.

चौकस
बाळबोध प्रश्न. डबा पलंगापासून किती लांब चालतो? आणि नव्या मशीनला डब्याऐवजी मोबाइल ॲप चालतं म्हणे?

तारायंत्र
दोनेक मीटर धरा. इम्प्लांटसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ हा खास पट्टा राखून ठेवलाय, ताकद मुद्दाम अगदी कमी असते कारण बॅटरी छातीत आहे. पलंगाची दिशा बदलली आणि डबा भिंतीपलीकडे गेला, इतक्याने संपर्क तुटलेली माणसं मी बघितलीत.

ॲप ब्लूटूथवर चालतं. सोय चांगली, प्रवासात डबा वागवावा लागत नाही. पण मोबाइलचं बॅटरी सेव्हर त्याला मागच्या मागे झोपवतं, नातू फोन "साफ" करताना ॲप उडवतो, नवा फोन घेतला की जोडायचं राहून जातं. डब्याला नातू हात लावत नाहीत. फोन मात्र छातीच्या खिशात ठेवू नका, एक वीत लांब ठेवा. चुंबकवाले फोन तर अजिबात नाही, चुंबक जवळ आला की आयसीडी शॉक देणं थांबवतो.

खटपट्या
कपाटावरचा डबा उतरवला. आजोबांच्या पलंगाशेजारी लावला. दिवा आधी केशरी, वीस मिनिटांनी हिरवा. दीड वर्षाचं टपाल गेलं असेल एकदम. क्लिनिकवाल्यांनो, उद्या सकाळी माफ करा.

सांजवेळ
एक वेगळंच सांगते, धाग्याला अवांतर वाटलं तर सोडून द्या.

माझे बाबा कर्करोगाने गेले. शेवटच्या दिवसांत ते घरीच होते, आयसीडी चालूच होता. तो बंद करता येतो, म्हणजे फक्त शॉक, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. शेवटच्या रात्री दोनदा शॉक बसला. माझा हात त्यांच्या खांद्यावर होता. अजून आठवतं ते दचकणं.

डबा तसाच लागलेला राहिला. तीन आठवड्यांनी क्लिनिकमधून फोन, "तुमच्याकडून माहिती येत नाहीये, पेशंट डब्याजवळ झोपतात ना?" मुलगी नवीन असावी. मी म्हटलं, नाही झोपत आता. ती बिचारी रडायला लागली.

तारायंत्र
सांजवेळ, अवांतर नाही. हे प्रत्येक घराने आधी विचारून ठेवायला हवं. आजार शेवटाकडे निघाला की डॉक्टरांशी बोलून शॉक बंद करता येतो, पेसिंग (ठोके चालवणं) तसंच राहतं, दोन मिनिटांचं काम असतं आणि दुखत नाही. पण तेही दुरून होत नाही, कुणीतरी प्रोग्रॅमर (सेटिंग बदलायचं यंत्र) घेऊन यावं लागतं. म्हणून आधी ठरवायचं.

त्या मुलीसारखा फोन मीही एकदा केलाय.

जुनाखोड
सांजवेळ, पोरी, वाचून गलबललो. उद्याच मुलाला बसवून हे सांगतो. माझं पेसमेकर आहे, शॉकवालं नाही, तरी सांगतो.

पाऊलखूण
उशिरा आले. सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले, सांजवेळ यांचा सोडून. तो मी एकटीने दोनदा वाचला.

काल क्लिनिकला जाऊन आलो. या वेळी भांडले नाही, तीन प्रश्न लिहून नेले होते. इशारे कोण बघतं, कोणत्या वेळेत, आणि सुटीच्या दिवशी काय. उत्तरं मिळाली. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते चार, दोन तंत्रज्ञ. सुटीत कुणी नाही. आईच्या गोळ्या वाढवल्यात, आता चार आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय.

घरी येऊन ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि डब्याला चिकटवलं. खाली माझा नंबर आणि "रात्री असेल तर मला उठव." आईने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "मग रात्री जागं कोण असतं?" मी तिचा हात धरून डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली नेला, जिथे मशीनचा उंचवटा लागतो. आठ महिन्यांत तिने तिथे कधी हात लावला नव्हता, भीती वाटायची म्हणे. बोटांनी कडा चाचपली, गोल फिरवली. "हा होय," म्हणाली.

डब्याचं नाव आता पोस्टमन. त्याची जागाही थोडी सरकवली, वायर तिच्या पायात येत होती.